एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार) अ‍ॅब्लेशन (लय बिघडवणाऱ्या जागेच्या पेशी निकामी करणं) सुचवलंय. रेडिओफ्रिक्वेन्सी, क्रायो आणि पल्स्ड फील्ड यांत फरक काय?

लक्ष्य तिन्हींचं एकच: फुफ्फुसांकडून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांची तोंडं विद्युतदृष्ट्या तोडणं. लय बिघडवणाऱ्या ठिणग्या बहुतेकदा याच शिरांत पडतात, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांच्या चमूने दाखवलं.

कॅथेटर (बारीक लवचिक नळी) जांघेतल्या शिरेतून उजव्या कर्णिकेत जातो आणि मधला पडदा सुईने भेदून डावीकडे पोहोचतो. रेडिओफ्रिक्वेन्सीत शिरेच्या तोंडाभोवती एकेक ठिपका भाजत वर्तुळ पुरं करतात. मध्ये फट राहिली तर विद्युतलहर तिथूनच निसटते, म्हणून इथे डॉक्टरांच्या हाताला फार महत्त्व. क्रायोत शिरेच्या तोंडाशी फुगा बसवून नायट्रस ऑक्साइडने गोठवतात. काम झटपट होतं, पण उजवीकडच्या शिरांजवळून श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या स्नायूची) नस जाते. त्यामुळे गोठवताना ती नस सतत उद्दीपित करतात आणि रुग्णाच्या पोटावर हात ठेवून श्वासपटल उडतंय ना, ते बघत राहतात. उडी मंदावली की गोठवणं तिथेच थांबवायचं!

पल्स्ड फील्ड सगळ्यांत नवं. क्षणभराचे, उच्च दाबाचे विद्युत स्पंद पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात. हृदयाचा स्नायू त्याला लवकर बळी पडतो, त्यामुळे मागे चिकटून असलेली अन्ननलिका बरीच सुरक्षित राहते. माझा कल तिकडेच, तरी यंत्रापेक्षा डॉक्टरांचा अनुभव आधी विचारा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत धडधड परतली म्हणजे उपचार फसला असं नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. त्या पुढे किती काळ चालवायच्या हे पक्षाघाताच्या जोखमीवर ठरतं, नुसत्या सुधारलेल्या लयीवर नाही.