इंदूर स्टेशनवरून राजवाड्याला मेट्रोने जाता येईल का? सोबत आई आहे.

नाही, मेट्रो या रस्त्याला उपयोगाची नाही. स्टेशनबाहेरून राजवाड्याची सिटी बस किंवा ई-रिक्षा घ्या. ३१ मे २०२५ला सुरू झालेला मेट्रोचा पहिला टप्पा जेमतेम सहा किलोमीटरचा, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. राजवाडा स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरच आहे. मी रामबागेत राहते, हा रस्ता माझा रोजचा आहे. चढण्याआधी "राजवाडा?" एवढं विचाराच, आणि ई-रिक्षात "सवारी का पूरी?" हेही, सवारी म्हणजे माणशी भाडं, पूरी म्हणजे अख्खी गाडी तुमची. आईंसाठी पूरीच करा, खरंच. सवारीत गुडघ्याला गुडघे लागतात आणि बॅग मांडीवर येते.

फक्त एक: संध्याकाळी जवळच्या सराफा बाजाराच्या गर्दीत गाडी राजवाड्याच्या दारापर्यंत जाईलच असं नाही, मग कृष्णपुरा छत्रीपाशी उतरून थोडं चालावं लागतं. आणि एबी (आग्रा-मुंबई) रोडवर जायचं असेल तर आयबसचे जुने वेळेचे हिशेब धरू नका. बीआरटीएस, म्हणजे या बससाठी राखलेली वेगळी लेन, काढायचा आदेश हायकोर्टाने फेब्रुवारी २०२५मध्येच दिला.