कोल्हापुरात काचेच्या बंद बरणीत ऑर्किड जगेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नर्सरीतून जांभळ्या फुलांचं ऑर्किड आणलंय, काचेच्या बरणीत घालून झाकण लावलं की महिनोन् महिने पाणी घालावं लागत नाही असं व्हिडिओत बघितलंय, तर कोल्हापुरात हे जमेल का?

ते जांभळं ऑर्किड बरणीत घालू नका. एवढं ठामपणे सांगतोय कारण मी घालून बसलोय. तीन वर्षांपूर्वी आईची लोणच्याची जुनी काचेची बरणी घेतली, तळाला ओलं मॉस (शेवाळ), वर फॅलेनॉप्सिस (तुमचंही बहुतेक तेच असणार, नर्सरीत सर्रास तेच मिळतं) आणि झाकण गच्च. आठ दिवस दृष्ट लागावी असं दिसत होतं. मग पानांच्या बेचक्यात एक काळपट पाणचट डाग आला. तिसऱ्या आठवड्यात पान नुसतं धरलं तर सगळा शेंडा हातात आला, सडक्या बटाट्यासारखा वास. आईला ऑर्किडपेक्षा बरणीचं दुःख जास्त झालं.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. हे झाड मातीतलं नाही, फांदीवरचं. त्याच्या मुळ्या जाड दिसतात, कारण त्यांच्यावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं. पावसाची सर आली की ते पाणी शोषतं आणि मुळी हिरवी दिसते, वारा लागला की सुकून पुन्हा चांदीसारखी होते. हे भिजणं-सुकणं म्हणजेच त्याचं जगणं. बंद बरणीत भिजणं तेवढं होतं, सुकणं होतच नाही. वर शेंड्यात साठलेलं पाणीही हलत नाही, आणि कुज तिथूनच सुरू होते.

तुम्ही म्हणाल, मग प्रयोगशाळेत ऑर्किड बाटलीतच वाढवतात ते कसं? मलाही हेच कोडं होतं. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक, त्यात स्वतःची शिदोरी जवळजवळ नसतेच. जंगलात एक बुरशी त्या बीला भरवते तेव्हा ते रुजतं. १९२२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर (समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बी रुजवून दाखवलं. आज बाजारात येणारी बहुतेक फॅलेनॉप्सिस अशाच बाटलीत लहानाची मोठी झालेली असतात, म्हणजे तुमच्या जांभळ्याचंही बालपण बहुधा काचेतच गेलंय. पण ती बाटली निर्जंतुक केलेली, आत झाडाशिवाय दुसरा जीव नाही. ती म्हणजे ऑपरेशन थिएटर. आपली बरणी म्हणजे श्रावणात माळ्यावर राहिलेली ओली गोधडी.

बंद काचेचा मूळ शोधही ऑर्किडसाठी लागला नव्हता. १८२९ मध्ये लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोष बघायला म्हणून बाटलीत ओली माती भरली आणि त्यात आपोआप नेचा (फर्न) उगवला. बाहेर शहराच्या धुरानं त्याचे नेचे मरत होते, आत मात्र तगला. म्हणजे काच हवी तर नेच्याच्या सवयीचं ऑर्किड बघा: सावलीतलं, पालापाचोळ्यात रांगणारं.

असं ऑर्किड आहे, लुडिसिया. ज्वेल ऑर्किड म्हणून ऑनलाइन मिळतं. आग्नेय आशियातल्या जंगलातलं, मखमली काळसर-मरून पान आणि त्यावर तांबूस रेघा. फुलं बारीक पांढरी, हिवाळ्यात येतात, पण हे ठेवायचं ते पानासाठीच. माझ्याकडे दीड फुटाच्या जुन्या फिश टँकमध्ये दोन वर्षं आहे. तळाला विटेचे खडे आणि लोणारी कोळसा, त्यावर मॉस आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. खोडाची दोन-तीन पेरांची कांडी मॉसवर आडवी ठेवली की रुजते, त्यामुळे पहिलं मेलं तरी दुसरं तयार असतं. वर काच आहे, पण दोन बोटं फट कायम उघडी. कांडी कापल्यावर कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावतो. मुळ्यांना मात्र ती लावू नका, सुकतात.

आता कोल्हापूरचं. आपल्याकडे ओलावा ही अडचण नाही, उष्णता आहे. एप्रिलमध्ये पारा ३८ च्या पुढे जातो, तेव्हा खिडकीतल्या उन्हात ठेवलेला बंद टँक म्हणजे गुऱ्हाळाची काहील. ऊन आत शिरतं, ऊब बाहेर पडत नाही. तासाभरात पानं शिजतात, अक्षरशः. त्यामुळे टँक घरातल्या सर्वांत थंड भिंतीला, उन्हाची तिरीपसुद्धा नको. वर साधी पांढरी एलईडी, दिवसाला १०-१२ तास. जुलै-ऑगस्टमध्ये मी वरची काच काढूनच ठेवतो, तेव्हा घराचाच टँक झालेला असतो! त्याच महिन्यांत पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात आणि तोच क्षार मॉसमध्ये साठतो.

तुमच्या जांभळ्याला झाडाच्या सालीचे मोठे तुकडे आणि कोळसा घालून भोकांच्या कुंडीत लावा, सकाळचं कोवळं ऊन येणाऱ्या गॅलरीत ठेवा. मुळ्या चांदीसारख्या झाल्या की पाणी, तेही सकाळी. दिवाळीनंतर रात्री गार झाल्या की नवा दांडा निघायची शक्यता चांगली.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. दाजीपूर-राधानगरीकडे फिरायला जाणारे काही जण झाडावरची सीतेची वेणी (हेही फांदीवरचं रानटी ऑर्किड) ओरबाडून आणतात आणि मग विचारतात, 'ही बरणीत बसेल का?' बसणार नाही. तिला उघडा वारा लागतो. शिवाय अभयारण्यातून झाड उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

लुडिसिया आणलंत तर रोज काचेकडे बघा. सकाळी काच धूसर आणि दुपारपर्यंत स्वच्छ, असं असेल तर बरोबर चाललंय. दुपारीही आतून पाण्याच्या धारा दिसल्या तर फट आणखी दोन बोटं वाढवा आणि आठवडाभर पाणी घालू नका.