पुनर्बलन, प्रबलन की शाबासकी?

प्रश्न इंदूरच्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांचं बी.एड. हिंदीतून झालं. आता प्राथमिक वर्गात सामाजिक शास्त्र कसं शिकवावं यावर त्या मराठीत लिहीत आहेत. 'पुनर्बलन कौशल', म्हणजे मुलाच्या योग्य वर्तनाला बळ देण्याचं शिक्षकाचं कौशल्य, हा शब्द मराठीत तसाच चालेल का, की सरळ 'शाबासकी' म्हणावं?

ताई, मराठीत रूढ शब्द 'प्रबलन' आणि पुढे 'कौशल्य'. 'रीइन्फोर्समेंट' या इंग्रजी शब्दातला 'री' हिंदीने 'पुनर्' करून घेतला, पण इथे पुन्हा काही होत नाही, असलेल्याला बळ मिळतं. म्हणून मला 'प्र' अधिक नेमका वाटतो. हिंदीतही लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला 'प्रबलित'च म्हणतात.

'शाबासकी' मात्र अपुरी पडते. समजा, अहिल्याबाईंचा पाठ चालू आहे. "1767 ते 1795 राज्य केलं, मग राजधानी कुठे होती?" तुमच्याकडचं मूल हमखास म्हणणार, "इंदूर! राजवाडा आहे ना!" उत्तर महेश्वर. इथे शाबासकी देता येत नाही. पण "राजवाड्यावरून ताडलंस, हे बरं केलंस. आता नकाशात नर्मदेकाठी बघ," असं म्हणालात, तर कारण देण्याच्या सवयीला बळ मिळालं. दुसऱ्या मुलीने महेश्वर सांगितलं आणि तुम्ही न बोलता तिचा शब्द फळ्यावर लिहिलात, तर तेही प्रबलनच, अशाब्दिक. मान डोलावणं, उत्तर तिच्याच शब्दांत परत म्हणणं, सगळं यात येतं.

नोट्समध्ये रागावण्याला सर्रास 'ऋण प्रबलन' म्हटलेलं असतं. ते लिहू नका. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या अर्थाने ऋण प्रबलन म्हणजे नकोशी गोष्ट काढून घेतल्यामुळे वर्तन वाढणं. रागावणं ही शिक्षा.

(सूक्ष्म अध्यापन म्हणजे छोट्या पाठातून एकेका अध्यापन कौशल्याचा सराव; त्यातल्या या कौशल्यांची भारतीय मांडणी करणारे प्रा. बी. के. पासी वडोदऱ्यात आणि नंतर तुमच्या इंदुरातही होते, म्हणून हा प्रश्न तिथून आला याचा विशेष आनंद आहे.)

वापराचं म्हणाल तर 'प्रबलन देणे' लिहा, ज्या गोष्टीने (शब्द, मान डोलावणं) बळ मिळतं ती 'प्रबलक'. 'प्रबलित' होतं ते वर्तन. 'मुलाला प्रबलित केलं' असं लिहू नये.