वारा पडलेल्या आठवड्याबद्दल

पोरी,

मेसेज वाचला. सुट्टी टाकून पॅराग्लायडिंगसाठी कामशेतला आलीस आणि पाच दिवसांत दोनच उड्डाणं झाली, तीही टेक-ऑफवरून निघून सरळ पायथ्याला उतरायची. वैताग येणारच. पण 'हवाच नव्हती' हे काही पटलं नाही. हवा होती. तू मोबाइलवर वाऱ्याचे आकडे बघत बसलीस, एवढंच.

सकाळी सातला चहा घेताना वाडीतल्या चुलींचा धूर बघितलास का? थोडा वर चढतो आणि कुणी झाकण ठेवल्यासारखा आडवा पसरतो. रात्रभर आकाश निरभ्र, हवा कोरडी. जमिनीची ऊब निघून जाते, तिला टेकलेली हवा गारठते आणि उतारावरून ओघळत भाताच्या खाचरांत साचते. तिच्यावर ऊबदार थर. हेच ते इन्व्हर्जन, ज्याची व्याख्या तू मला घडाघडा म्हणून दाखवली होतीस. अशा पहाटे रेल्वेचा भोंगा एरवीपेक्षा लांबून ऐकू येतो, तोही या झाकणामुळेच. वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो.

आता जरा हिशेब कर. समज, पायथ्याला ९ अंश आहे आणि २०० मीटर वर, माथ्यावर, १३. कोरडी हवा वर चढताना दर १०० मीटरला साधारण एक अंश गार होते. म्हणजे खालून निघालेला बुडबुडा माथ्यावर पोचेपर्यंत दोन अंश गमावणार. माथ्यावर १३ कायम राहिले, तरी खाली १५ च्या वर पारा गेल्याशिवाय एकही थर्मल, म्हणजे उन्हाने तापून वर चढणारा हवेचा झोत, माथा ओलांडणार नाही. दिवस चढतो तसा माथाही तापतो, म्हणून प्रत्यक्षात याहून उशीरच होतो. पण दोन साध्या थर्मामीटरांवर एवढा अंदाज येतो. बातम्यांतला किमान तापमानाचा आकडा इथे कामाचा नाही. तो बहुतेक वेळा शिवाजीनगरचा असतो, तुझ्या खाचरातला नव्हे. (त्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.)

शिवाय ऊनही तोकडं. संक्रांतीपासून दिवस मोठा होतो म्हणतात, पण पुण्यात वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय याच सुमारास, सातच्या पुढे असतो. भर दुपारी सूर्य जेमतेम ५० अंश चढतो. मेच्या मध्याला तोच थेट डोक्यावर असतो. तेव्हा जानेवारीत बारा-साडेबाराच्या आधी वर जाऊन घाम गाळण्यात अर्थ नाही.

मंगळवारचा राग अजून आहे ना? टॉवर हिलवर विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी, समोरून छान भरला होता, तू हार्नेस घालून तयार, आणि मी नको म्हटलं. त्या डोंगराचं तोंड पश्चिमेला. हिवाळ्यात वरचा वारा बहुतेकदा पूर्वेचा, म्हणजे डोंगराच्या पाठीमागून येणारा. तो माथा ओलांडून आपल्या बाजूला पालथा होतो, घुसळतो. त्यात उतारावर एखादं थर्मल सुटलं की ते खालची हवा वर ओढतं, आणि दोन-तीन मिनिटं विंडसॉक अगदी शहाण्यासारखा वागतो. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पाय सुटल्यावर पाच सेकंदांत डोक्यावरचं कापडी पंख, विंग, अर्धं मिटलं. करवंदीच्या जाळीत पडलो आणि डावं मनगट मोडलं. थंडीत ते अजून बोलतं.

त्या दिवशी मी विंडसॉक बघतच नव्हतो. घारी बघत होतो. गोल फिरता फिरता त्या वाऱ्याबरोबर सरकतात. तीन घारी आपल्या डोक्यावरून दरीकडे, पश्चिमेला सरकत गेल्या. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. शिंदेवाडीचा उतार पूर्वेकडे आहे, म्हणून अशा दिवसांत तिथे जायचं. वारा बेताचाच मिळतो, पण समोरून मिळतो.

उरलेल्या वेळात मैदानात विंग डोक्यावर धरायचा सराव कर. त्यावर जास्त लिहीत नाही, तुला कंटाळा येतो आणि मलाही यायचा.

परवापासून आकाशात पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग दिसताहेत, रात्रीचा गारठाही कमी झालाय. उत्तर भारतावरून एखादा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा हिवाळी ढगाळ हवेचा पट्टा, सरकत असावा. तो गेला की पुन्हा कोरडी थंडी पडेल आणि झाकण आणखी घट्ट बसेल. म्हणून शनिवारी ये. सकाळी साडेसहाला, पायथ्याशी. ग्लायडर गाडीतच राहू दे. थर्मामीटर दोन आण, एक मी वर घेऊन जातो. आणि आईला सांग, तिळाच्या वड्या मागच्या वेळेसारख्या कडक नकोत.

काका