कामगारांना नव्या कल्पनांसाठी कंपनीचं पाठबळ वाटतं का, हे कसं मोजायचं?

तुमच्या कारखान्यात सूचनापेटी आहे पण सूचना येत नाहीत, आणि म्हणून तुम्हाला सर्व्हे घ्यायचाय. मी चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात एचआरमध्ये आहे, त्यावरून सांगतो.

"कंपनी नव्या कल्पनांना प्रोत्साहन देते का?" असं थेट विचारू नका. साहेबांच्या भाषणात तेच ऐकलेलं असतं, त्यामुळे बहुतेक जण 'हो'वर खूण करतात. तोंडी पाठिंबा आणि प्रत्यक्ष मिळालेला पाठिंबा वेगवेगळा मोजा. संशोधक स्कॉट आणि ब्रूस यांची १९९४ ची प्रश्नावली बघा. तिच्या २२ विधानांत वातावरणाबद्दलची विधानं वेगळी आणि वेळ, पैसा, माणसं मिळतात का याबद्दलची वेगळी आहेत.

आमच्या प्रेस शॉपमधल्या (जिथे पत्रा दाबून भाग बनतात) एका ऑपरेटरने पार्ट उलटा बसू नये म्हणून फिक्स्चरला, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साधनाला, छोटा स्टॉपर सुचवला होता. सूचनेच्या कार्डावर सुपरवायझरची सही झाली, पण अशी साधनं बनवणाऱ्या टूलरूमला सवड झाली नाही, कार्ड तिथेच राहिलं. नंतर ते ऑपरेटर मला म्हणाले, "नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. कोणी काही सांगितलंच नाही." तेव्हापासून "माझ्या सूचनेवर मला हो किंवा नाही असं उत्तर मिळालं" हे विधान मी प्रत्येक फॉर्ममध्ये घालतो. माझ्या मते सगळ्यात जास्त तेच सांगून जातं.

काही विधानं उलटी ठेवा, उदाहरणार्थ "इथे वेगळं काही केलं की बोलणी बसतात". नाहीतर लोक एकाच रकान्यात खुणा करत खाली जातात. गुण मोजताना ती उलटवायला विसरू नका, म्हणजे तिथे सगळ्यात जास्त गुण असतील तर सगळ्यात कमी धरा. भाषा लाइनवरची, म्हणजे उत्पादनाच्या जागी कामगार बोलतात तशी हवी. छापण्याआधी दोन-तीन ऑपरेटरांकडून मोठ्याने वाचून घ्या, अडखळतील तिथे वाक्य बदला.

निकाल लाइननुसार काढा. सारखीच माणसं असलेल्या दोन लाइनपैकी एकीवर सगळे ४ गुण देतात, दुसरीवर सगळे २, तर कारखान्याची सरासरी ३ येते आणि ती कुठल्याच लाइनची नसते. लाइनच्या आतच उत्तरं फार विखुरलेली असतील तर तिथली सरासरीही धरू नका, आधी लोकांशी बोला.

नाव, टोकन नंबर घेऊ नका. चार-पाच माणसांच्या गटाचा निकाल वेगळा दाखवू नका, कोण काय बोललं ते लगेच ओळखू येतं. फॉर्म सुपरवायझरच्या हातून तर मुळीच गोळा करू नका. आणि कंत्राटी मुलांनाही फॉर्म द्या. बहुतेक सर्व्हेंत ती सुटतात, आणि मशीनवर तर दिवसभर तीच उभी असतात.