ॲप लावल्यावर खरंच फरक पडला का?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी वेळ नोंदवणारं ॲप घेतलं. पहिले दोन आठवडे कामं भराभर उरकली, आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरं ॲप घेऊ का?

आधी आठवून पाहा, ॲप घेतलंत तो आठवडा कसा होता? कामाचा पार विचका झाल्यावरच बहुतेक जण अशा गोष्टींच्या मागे लागतात. आणि सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काहीही न करताही बहुतेकदा थोडा बरा जातो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं : फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत. टोकाचं माप पुढच्या खेपेला सहसा मधल्याकडे सरकतं. तुमच्या बाबतीत त्याचं श्रेय ॲपने खाल्लं असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात नव्याचे नऊ दिवस.

खात्री करायची तर दोन आठवडे ॲप बंद ठेवा, मग दोन आठवडे चालू, परत दोन बंद. एकदाच बंद करून भागत नाही, कारण नेमकी त्याच दिवसांत कामाची गर्दी असू शकते. या काळात कागदावर एकच गोष्ट लिहा आणि ती ॲपच्या बाहेरची हवी. रात्री जेवणानंतर किती वेळा लॅपटॉप पुन्हा उघडावा लागला, एवढं पुरे. ॲपमधले ‘एकाग्र तास’ धरू नका. स्वतःचा पेपर स्वतःच तपासला तर सगळेच पास होतात. फरक दिसला नाही, तर हेही काढा आणि दुसरंही घेऊ नका.

प्रश्न : टीमसाठी टास्क-बोर्ड (प्रत्येक कामाचं एक कार्ड लावायचा फलक) आणला. महिन्याला पूर्ण होणारी टास्क दुप्पट झाली, पण ग्राहकांच्या तक्रारी होत्या तेवढ्याच. असं कसं?

बोर्ड उघडून टास्कची नावं वाचा. एका टीमच्या बोर्डावर मी लागोपाठ तीन कार्डं पाहिली होती : ‘मेल पाठवणे’, ‘उत्तर आलं का पाहणे’, ‘उत्तर वाचणे’. तिन्ही हिरवी, म्हणजे पूर्ण. लबाडी कोणी केली नव्हती. साहेब आकडा बघतात म्हटल्यावर कामाचे तुकडे आपोआप बारीक होतात. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल हेच म्हटलं होतं : एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी जोर दिला, की तो पूर्वीसारखा भरवशाचा राहत नाही.

बोर्ड ठेवा, पूर्ण टास्क मोजणं सोडा. मागणी आल्यापासून काम ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले आणि किती कामं दुरुस्तीला परत आली, हे पाहा. आणि कृपा करून हे आकडे वार्षिक मूल्यमापनात घालू नका.

प्रश्न : पोमोडोरो पद्धतीचा (ठरावीक वेळ काम, मग थोडी विश्रांती) टायमर २५ मिनिटांनी वाजतो तेव्हा माझं नुकतंच कुठे लक्ष लागलेलं असतं.

मग वाजू देऊ नका! फ्रान्चेस्को चिरिलोने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर हे सुरू केलं. २५ हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. टाळाटाळ होणारं काम सुरू करायला टायमर लावा, आणि लय लागली की बंद करा.

प्रश्न : सकाळी ताजंतवानं वाटतं, पण घड्याळ झोपेला ६२ गुण देतं आणि मग दिवसभर थकल्यासारखं होतं. विश्वास कशावर ठेवू?

मनगटावरचं घड्याळ हालचाल आणि नाडी मोजतं आणि त्यावरून झोपेच्या टप्प्यांचा अंदाज बांधतं. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी नोंदवतात. ते घड्याळाला जमत नाही. झोपेच्या आकड्यांची अशी धास्ती घेणाऱ्यांसाठी संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्दही काढला. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

उठल्यावर आधी स्वतःचे गुण लिहा, दहापैकी. घड्याळाचे गुण संध्याकाळीच बघा. दोन आठवड्यांनी दोन्ही रकाने शेजारी मांडा. मी हे झोपेऐवजी कामाच्या तासांसाठी केलं होतं. सलग लिखाणाचे चार तास होतात असं मी छातीठोकपणे सांगायचो. वेळ नोंदवणाऱ्या ॲपमध्ये नोंद निघाली दीड तासाची. तेवढ्यासाठी ते ॲप कामाचं ठरलं. महिन्याभरात माझा अंदाज आणि नोंद जुळायला लागले, तेव्हा मी ते काढून टाकलं.

झोपेत घोरणं, श्वास अडकणं किंवा दिवसा डुलक्या येणं असेल, तर मात्र गुण कितीही असोत, डॉक्टरांना दाखवा.