मनुस्मृतीला आजच्या मोजपट्टीने मोजणं अन्यायाचं नाही का?

तुमचं म्हणणं असं की जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाला राज्यघटनेची मोजपट्टी लावू नये, त्याच्या काळाचीच लावावी. ठीक, तीच लावू. पण मग त्या काळात मनूखेरीज इतर काय म्हणत होते, तेही उघडून बघायला हवं. वाद घालणारे सहसा तिथवर जातच नाहीत (दोन्ही बाजूंचे).

शिवीगाळीचंच बघा. आठव्या अध्यायात ब्राह्मणाने शूद्राला शिवी दिली तर दंड १२ पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं). शूद्राने द्विजाला, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या कुणाला, दिली तर जीभ छाटायची. नाव-जात काढून हिणवलं तर दहा अंगुळं लांब तापलेला लोखंडी खिळा तोंडात. काळच तसा होता म्हणावं, तर कौटिल्याचं अर्थशास्त्र साधारण त्याच शतकांतलं. कौटिल्य काही समतावादी नव्हे, वर्णभेद तिथेही आहे. पण अशा अपमानाला त्याच्याकडे वर्णागणिक तीन-तीन पणांनी चढणारा दंड आहे. प्रकरण पैशांत मिटतं.

वारशाचंही तसंच. निपुत्रिकाच्या वारसांत मनू विधवेला जागा देत नाही. याज्ञवल्क्यस्मृती मात्र पहिलं नाव पत्नीचं घेते, मग मुलींचं. पुढे चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि एकत्र कुटुंबातून वाटणी घेऊन वेगळ्या झालेल्या नवऱ्याच्या विधवेचा हक्क ठामपणे मांडला. म्हणजे परंपरेच्या आतच दुसरी वाट होती.

मनूचे समर्थक चोरीचा दाखला देतात, तो खरा आहे: शूद्राला आठपट दोष, तर ब्राह्मणाला चौसष्टपट, सामान्याला एक कार्षापण दंड तिथे राजाला हजार. फक्त त्याच अध्यायात ब्राह्मणाला कुठल्याही गुन्ह्यासाठी देहदंड नाही, हे सांगायचं राहून जातं.

तेव्हा माझ्या मते काळाच्या मोजपट्टीनेही मनू कडक बाजूलाच पडतो.

आणि महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली, ती दुसऱ्या शतकातल्या कुणाला शिक्षा म्हणून नव्हे. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांना मारहाण झाली होती, आणि नंतर तळं पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतलं होतं. हे करणारे विसाव्या शतकातले होते. त्यांना कुठल्या काळाची सवलत द्यायची?